फ्लेमिंगोचं डोकं गेलं कुठे? एआयच्या काळात भन्नाट फोटो काढणारे लोक नेमकं काय करतात

जून २०२४. एका आंतरराष्ट्रीय फोटो स्पर्धेत एआयने बनवलेल्या चित्रांसाठी वेगळा गट होता. त्यात एक फोटो तिसरा आला आणि लोकांच्या मतदानातही जिंकला. फोटोत पांढऱ्या वाळूवर एक गुलाबी फ्लेमिंगो उभा होता. दोन काड्यांसारखे पाय, वर गुलाबी गोळा आणि डोकं गायब. बघणाऱ्याला वाटावं, मशीन चुकलं आणि पक्ष्याला डोकं द्यायचंच विसरलं.

मग फोटो पाठवणारा माइल्स अ‍ॅस्ट्रे हा फोटोग्राफर पुढे आला आणि त्याने सांगून टाकलं की यात एआय अजिबात नाही. फोटो खरा आहे, फ्लेमिंगो खरा आहे. तो मान वाकवून पोट खाजवत होता, एवढंच. नवी मुंबईच्या खाडीवर सकाळी जाऊन बसणाऱ्यांनी हे ध्यान कितीदा तरी पाहिलं असेल. फोटो खरा निघाल्यामुळे अ‍ॅस्ट्रेला स्पर्धेतून बाद करण्यात आलं. खरा फोटो काढला म्हणून बाद होणं ही तशी दुर्मिळच गोष्ट.

त्याच्या आदल्या वर्षी बरोबर उलटं झालं होतं. बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलाकाराने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्सला दोन बायकांचं जुन्या काळातलं वाटणारं चित्र पाठवलं. त्याला एका गटात बक्षीस मिळालं. ते एआयने बनवलेलं चित्र होतं. त्याने बक्षीस नाकारलं आणि अशी चित्रं फोटोच्या स्पर्धेत घ्यायची का, यावर बोला असं आयोजकांना सुनावलं.

दोन्ही किस्से भरपूर व्हायरल झाले. पण त्यातून निघणारा प्रश्न तुमच्या-आमच्या फीडपर्यंत येतो. फोटो बघून तो खरा की बनवलेला हेच कळत नसेल, तर फोटोग्राफरचं काम उरलं काय? एक उत्तर असं आहे की आता नुसता फोटो बघून भागत नाही. तो कसा काढला, कोणासोबत काढला, त्यासाठी काय नियम पाळला, हेही फोटोचाच भाग होतं. गंमत म्हणजे जगातले बरेच कल्पक फोटोग्राफर एआय यायच्या कितीतरी आधीपासून याच वाटेने चालले आहेत. त्यातल्या काहींची ही ओळख. त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पालघर जिल्ह्यातली आहे, तिथपर्यंत येऊच.

अख्खा सिनेमा एका फोटोत

हिरोशी सुगिमोतो हा टोकियोत जन्मलेला फोटोग्राफर १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये राहत होता. त्याच्या डोक्यात एक साधा, थोडा वेडगळ प्रश्न आला. अख्खा सिनेमा एकाच फोटोत काढला तर काय दिसेल?

तो थिएटरमध्ये मोठा कॅमेरा घेऊन गेला. सिनेमा सुरू झाला तेव्हा शटर उघडलं, सिनेमा संपला तेव्हा बंद केलं. दोन तासांचा सिनेमा धरला आणि सेकंदाला २४ चित्रं, तर पडद्यावरून १ लाख ७२ हजार ८०० चित्रं सरकतात. ती सगळी एकाच फिल्मवर एकावर एक पडली.

हाती काय आलं? कोरा पडदा. हिरो नाही, हिरॉईन नाही, मारामारी नाही, फक्त पांढरा झगझगीत चौकोन. पण त्याच चौकोनाच्या उजेडात एरवी अंधारात असलेलं थिएटर उजळून निघालं. रिकाम्या खुर्च्या, नक्षीदार खांब, छताचं काम असं सगळं दिसायला लागलं. सिनेमा बघताना ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही तेच फोटोत उरलं आणि ज्यासाठी तिकीट काढलं ते पुसलं गेलं.

ही मालिका त्याने पुढे अनेक दशकं चालू ठेवली. ड्राइव्ह-इन थिएटरं झाली, इटलीतली जुनी ऑपेरा हाउसं झाली, पडीक पडलेली थिएटरं झाली. बंद थिएटरात सिनेमा कुठून येणार? तर तिथे त्याने स्वतःच पडदा लावून सिनेमा चालवला.

यात कॅमेऱ्याची करामत काहीच नाही. शटर बराच वेळ उघडं ठेवणं ही जुनीच युक्ती आहे. नवा होता तो नियम, की फोटोचा वेळ सिनेमा ठरवेल, फोटोग्राफर नाही.

खोलीचाच कॅमेरा

हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गेलेल्यांना गाईडने एक अंधारी जागा हमखास दाखवलेली असते. भिंतीतल्या छोट्या झरोक्यातून उजेड येतो आणि समोरच्या भिंतीवर मंदिराच्या मोठ्या गोपुराची सावली पडते. पण उलटी, कळस खाली आणि पाया वर. चमत्कार म्हणून सांगितलं जातं ते खरं तर शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं सूचिछिद्र कॅमेऱ्याचं प्रात्यक्षिक आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो, त्यामुळे वरचा किरण छिद्रातून खाली पडतो आणि खालचा वर.

क्यूबात जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला अबेलार्डो मोरेल बॉस्टनच्या आर्ट कॉलेजात फोटोग्राफी शिकवायचा. मुलांना कॅमेरा म्हणजे काय हे समजावण्यासाठी तो वर्गाच्या खिडक्या काळ्या प्लास्टिकने झाकायचा आणि एक बारीक भोक ठेवायचा. बाहेरचा रस्ता उलटा होऊन वर्गाच्या भिंतीवर यायचा. मुलं थक्क व्हायची. १९९१ मध्ये त्याला वाटलं की या उलट्या चित्रासकट खोलीचाच फोटो काढून बघावा.

सुरुवात त्याने स्वतःच्या घरापासून केली. खिडकी झाकली, साधारण एक सेंटिमीटरचं भोक ठेवलं आणि खोलीत कॅमेरा लावून शटर उघडलं. आतला उजेड इतका मंद की एका फोटोला पाच ते दहा तास लागायचे. तेवढ्या वेळात रस्त्यावरून जाणारी माणसं आणि गाड्या फोटोतून नाहीशा होतात, कारण त्या एका जागी थांबत नाहीत. उरतात त्या इमारती, झाडं आणि आभाळ, आणि तेही पलंगावर, कपाटावर, उशीवर पसरलेलं.

पुढे त्याने न्यूयॉर्क, व्हेनिस, रोम अशा शहरांत हॉटेलच्या खोल्या घेऊन हेच केलं. नंतर रंगीत फोटो आले, लोलक वापरून चित्र सुलटं करणं आलं, डिजिटल कॅमेऱ्यामुळे तासांचं काम बरंच कमी वेळात व्हायला लागलं. मग त्याने एक तंबूच कॅमेऱ्यासारखा तयार केला. त्यात बाहेरचा देखावा तंबूतल्या जमिनीवर पडतो. माती, गवत, खडी जे काही असेल त्यावर डोंगर किंवा शहर उमटतं आणि मोरेल त्याचा फोटो काढतो.

त्याचा एखादा फोटो इन्स्टाग्रामवर दिसला तर फोटोशॉप वाटतो. दोन चित्रं एकावर एक ठेवायला आज मोबाइलवर दहा सेकंद लागतात. मोरेलच्या फोटोत मात्र ती दोन चित्रं खरोखर एकाच वेळी त्या खोलीत होती. हा फरक फोटोकडे बघून कळणार नाही, कळतो तो गोष्ट माहीत झाल्यावरच.

अदृश्य होऊन दिसणारा माणूस

नोव्हेंबर २००५ मध्ये बीजिंगमधलं सुओजिया नावाचं कलाकारांचं गाव प्रशासनाने पाडलं. तिथे काम करणारा शिल्पकार लिउ बोलिन याने निषेधाची वेगळीच तऱ्हा काढली. तो पाडापाडीच्या ढिगाऱ्यासमोर उभा राहिला आणि मागच्या विटा, भेगा, रंग जसेच्या तसे अंगावर रंगवून घेतले. फोटोत तो असून नसल्यासारखा झाला.

त्यानंतर तो बाजारातल्या बाटल्यांच्या फडताळासमोर, घोषणा लिहिलेल्या भिंतींसमोर, स्मारकांसमोर असाच तासन्‌तास उभा राहिला. कधीकधी एका फोटोची तयारी दहा तासांपर्यंत चालते. सहकारी ब्रश घेऊन रंगवत राहतात आणि हा हलायचं नाही म्हणून उभा असतो. फोटो बघताना आधी फक्त भिंत दिसते, मग बुटांचं टोक दिसतं, मग अख्खा माणूस. सोशल मीडियावर ‘यात माणूस शोधून दाखवा’ म्हणून हे फोटो कोडं बनून फिरतात. घर पाडलं गेलेल्या माणसाचा तो निषेध होता, हे त्या पोस्टमध्ये सहसा नसतं.

फोटो काढून झाल्यावर फोटोतल्या माणसाचं काय?

इथे मामला गंभीर होतो. थिएटर आणि भिंत तक्रार करत नाहीत. माणसाचा फोटो काढला की प्रश्न येतात. फोटो कोणाचा? पैसे कोणाला? आणि त्या माणसाला जगापुढे कसं उभं केलं?

ब्राझीलच्या विक मुनिझची गोष्ट यासाठी बघण्यासारखी आहे. मुनिझ आधी वस्तूंनी चित्र काढतो आणि मग त्याचा फोटो काढतो. मूळ चित्र मोडतं, उरतो तो फोटो. त्याने चॉकलेटच्या पाकाने चित्रं काढली. १९९६ मध्ये कॅरेबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्यांच्या मुलांचे चेहरे काळ्या कागदावर साखर भुरभुरून काढले.

मग तो रिओ दि जानेरोजवळच्या जार्दिम ग्रामाचो या अवाढव्य कचरा डेपोवर गेला. तिथे हजारो लोक कचऱ्यातून विकण्याजोगं सामान वेचून पोट भरायचे. मुंबईत देवनारच्या डेपोचं जे आहे तसंच. मुनिझने काही कचरावेचकांचे फोटो काढले, ते मोठ्या गोदामात वरून जमिनीवर प्रोजेक्टरने पाडले आणि त्या लोकांनाच रोजंदारी देऊन रेषांवर कचरा मांडायला लावला. टायर, बाटल्या, झाकणं, मोडक्या खुर्च्या. सावली हवी तिथे काळं सामान, उजेड हवा तिथे मोकळी जमीन. मग उंचावरून फोटो. आपलाच चेहरा आपण वेचलेल्या कचऱ्यातून आपणच तयार करायचा, अशी ती कल्पना.

कचरावेचकांच्या संघटनेचा नेता तियाओ याचा फोटो फ्रेंच राज्यक्रांतीतल्या मारा या पुढाऱ्याच्या प्रसिद्ध चित्राच्या धर्तीवर काढला होता, डेपोत सापडलेल्या बाथटबमध्ये आडवं पडून. लंडनच्या लिलावात त्याला सुमारे २८ हजार पौंड मिळाले आणि ते पैसे संघटनेकडे गेले. या सगळ्यावरची ‘वेस्ट लँड’ ही डॉक्युमेंटरी २०१० मध्ये आली आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली. तिच्यातला सगळ्यात प्रामाणिक भाग म्हणजे मुनिझ आणि त्याच्या जवळच्या लोकांमधला वाद. या माणसांना काही आठवडे स्टुडिओचं जग दाखवायचं आणि मग परत कचऱ्यात पाठवायचं, हे बरोबर आहे का? सिनेमा त्याला गुळगुळीत उत्तर देत नाही. डेपो २०१२ मध्ये बंद झाला.

फ्रान्सचा जेआर याने दुसरा मार्ग निवडला. २००९ मध्ये केनियातल्या किबेरा या झोपडपट्टीत त्याने तिथल्याच बायकांचे चेहरे आणि डोळे प्रचंड मोठे छापून घरांच्या पत्र्यांवर लावले, सुमारे दोन हजार चौरस मीटर. कागद वापरला असता तर पहिल्या पावसात लगदा झाला असता. त्याने पाणी न मुरणारं व्हिनाइल वापरलं. म्हणजे छपरावरचा फोटो पावसाळ्यात ताडपत्रीचं काम करणार. पत्र्यावर दरवर्षी ताडपत्री टाकणाऱ्या कुठल्याही घराला यातली अक्कल लगेच कळेल. तिथून जाणाऱ्या रेल्वेच्या डब्यांवर त्याने डोळे चिकटवले आणि खालच्या उतारावर चेहऱ्यांचा उरलेला अर्धा भाग. गाडी त्या ठिकाणी आली की क्षणभर चेहरा पूर्ण व्हायचा.

‘नमुना’ म्हणून काढलेले फोटो

भारतात हा प्रश्न जुना आहे. १८५७ नंतर इंग्रज सरकारने इथल्या जाती-जमातींची फोटोंसह नोंद करायला घेतली. ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने १८६८ ते १८७५ या काळात त्याचे आठ खंड निघाले. फोटोतली माणसं बहुतेक वेळा व्यक्ती म्हणून नव्हे, तर जमातीचा नमुना म्हणून येतात आणि शेजारी त्या जमातीच्या ‘स्वभावा’वर शेरे असतात. त्याच सुमारास माणसाला चौकटींच्या पडद्यासमोर उभं करून, अंगाची मापं दिसतील असे फोटो काढायची पद्धतही निघाली. कापडाचं माप घ्यावं तसं.

बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांनी याची चांगलीच फिरकी घेतली. त्या मूळच्या शिल्पकार. २००० ते २००४ मध्ये त्यांनी फोटोग्राफर क्लेअर आर्नीसोबत दक्षिण भारतातल्या ‘देशी बायकां’वर मालिका केली आणि प्रत्येक फोटोत बाई म्हणून स्वतःच उभ्या राहिल्या. कधी राजा रविवर्म्याच्या छापील चित्रातली लक्ष्मी, कधी वर्तमानपत्रातल्या फोटोतली आरोपी, आणि कधी तोच चौकटींचा पडदा मागे लावून माप देणारी आदिवासी बाई. रविवर्म्याची ही चित्रं छापणारा छापखाना आधी मुंबईत आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला होता, त्यामुळे ती लक्ष्मी मराठी घरांच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या टांगलेली आहे. पुष्पमालांच्या फोटोत तीच लक्ष्मी एका खऱ्या बाईच्या चेहऱ्याने तुमच्याकडे बघते. त्यांची आधीची मालिका तर मुंबईतच घडते. तिच्यात जुन्या स्टंटपटांतल्या फिअरलेस नादियासारखी मुखवटा घातलेली नायिका शहरभर फिरते.

पुष्पमालांनी नमुन्याच्या जागी स्वतःला उभं केलं. पण ज्यांना नमुना बनवलं गेलं त्यांनीच फोटो ठरवला तर?

गंजाड आणि जव्हार

गौरी गिल या दिल्लीच्या फोटोग्राफर. जन्म १९७० चा, चंदीगडचा. १९९९ पासून त्या पश्चिम राजस्थानातल्या खेड्यांत वर्षानुवर्षं जात राहिल्या आणि त्या कामाला २०२३ मध्ये प्री पिक्टे हा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिथेच लूणकरणसरच्या मुलींच्या मेळ्यात त्यांनी २००३ मध्ये एक तंबूतला फोटो स्टुडिओ मांडला. जत्रेत असतो तसा, मागे पडदा आणि पोझ द्यायला थोडं सामान. नियम एकच, कसं उभं राहायचं ते मुली ठरवणार. त्या फोटोंत मुली हसून गोड दिसायचा प्रयत्न करत नाहीत. थेट कॅमेऱ्यात बघतात.

२०१३ मध्ये गिल डहाणू तालुक्यातल्या गंजाडला आल्या. वारली चित्रकलेला जगभर नेणारे जिव्या सोमा मशे याच भागातले. इथे त्यांची गाठ राजेश वांगड या वारली चित्रकाराशी पडली. वांगड त्यांना गाव दाखवत हिंडले. इथे हा देव, इथे हे घडलं, इथे पूर्वी जंगल होतं. गिल यांनी फोटो काढले. पण फोटो धुऊन आल्यावर लक्षात आलं की त्यात डोंगर आहे, झाड आहे, वाट आहे, पण वांगडांनी सांगितलेलं काहीच नाही. कॅमेऱ्याला आत्ता समोर आहे तेवढंच दिसतं. आजोबांनी सांगितलेला दुष्काळ किंवा तोडलं गेलेलं रान त्याला दिसत नाही.

मग फोटो वांगडांच्या हातात गेले. त्यांनी काळ्या-पांढऱ्या छापील फोटोवर शाईने वारली चित्रं काढली. रिकाम्या माळावर माणसांचे जथे आले, आभाळात देव आले, झाडांच्या जागी झाडं, प्राणी, लग्नं, भांडणं, गावावर आलेली संकटं आली. काही चित्रांत वांगड स्वतः फोटोत उभे आहेत, आपल्याच गोष्टीच्या मधोमध. या चित्रांना ना नुसता फोटो म्हणता येतं, ना नुसतं वारली चित्र. आणि ती दोघांच्या नावाने जगभर दाखवली जातात. ‘छायाचित्र गौरी गिल, छायाचित्रात एक आदिवासी’ अशी ओळ खाली येत नाही. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या खंडांशेजारी हे ठेवून पाहिलं की या दोन नावांचं वजन कळतं.

दोन वर्षांनी गिल जव्हारला गेल्या. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा महाराष्ट्रात माहीत आहे. रात्रभर देवादिकांची, राक्षसांची सोंगं नाचवली जातात, त्यांचे मुखवटे कागदाच्या लगद्याचे असतात आणि ते बनवणारी घराणी आहेत. सुभाष आणि भगवान कडू हे कोकणा समाजातले भाऊ अशाच घराण्यातले, त्यांचे वडील धर्मा कडू हे नावाजलेले मुखवटेकार. बाहेरचा फोटोग्राफर काय करेल? बोहाड्याच्या रात्री येऊन मशालीच्या उजेडात सोंगांचे फोटो काढेल आणि सकाळच्या गाडीने परत जाईल. असे फोटो हजारोंनी आहेत आणि छानही असतात.

गिल यांनी कडू बंधू आणि त्यांच्या साथीदारांना काम दिलं ते वेगळंच. देवांचे नकोत, आजच्या जगण्याचे मुखवटे करा. मग माणसांचे वेगवेगळ्या वयांचे, वेगवेगळ्या भावांचे चेहरे तयार झाले, पशुपक्ष्यांचे झाले, रोजच्या वापरातल्या वस्तूंचेही झाले. गावातल्याच माणसांनी, बनवणाऱ्यांनीसुद्धा, ते चढवले आणि नेहमीच्या ठिकाणी नेहमीचीच कामं करत उभी राहिली. अंगावर रोजचे कपडे, भोवती रोजचं घर आणि मानेवर पक्ष्याचं डोकं. फोटो बघताना आधी हसू येतं. मग लक्षात येतं की चेहरा झाकलेला असूनही उभं राहण्याच्या ढबीवरून हा माणूस थकलाय की मजेत आहे ते कळतंय. आणि आदिवासी म्हटलं की जे ठरावीक चित्र डोक्यात येतं, ते इथे लागूच होत नाही.

ही मालिका २०१७ मध्ये युरोपातल्या डॉक्युमेंटा या प्रदर्शनात आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ मध्ये लागली. पालघर जिल्ह्यात राहणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल, हा वेगळा प्रश्न.

नवं काही करायचं म्हणजे मुखवटेच लागतात असंही नाही. अकोल्याकडचे सुधारक ओलवे यांनी वृत्तपत्रातली नोकरी करता करता मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेला माणूस, त्याचं घर, त्याचं कुटुंब. यात युक्ती कसलीच नाही. पुन्हा पुन्हा जाणं हीच त्यांची पद्धत. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

असे फोटोग्राफर शोधायचे कुठे?

फीडवर सापडणं अवघड आहे. अल्गोरिदम तुम्ही आधी पसंत केलेल्यासारखंच पुढे आणतो आणि एकेकटा फोटो आणतो. वरच्या बहुतेकांचं काम मालिकेत आहे. सुगिमोतोचा एक पांढरा पडदा बघून काहीच वाटणार नाही, वीस बघितले की वाटतं. म्हणून फोटोग्राफरच्या नावापेक्षा मालिकेच्या नावाने शोधा. गिल यांच्या या दोन मालिका ‘फील्ड्स ऑफ साइट’ आणि ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अ‍ॅपिअरन्स’ या नावांनी सापडतात, मुनिझची ‘पिक्चर्स ऑफ गार्बेज’, लिउ बोलिनची ‘हायडिंग इन द सिटी’, सुगिमोतोची ‘थिएटर्स’.

फोटोबुक हा दुसरा रस्ता. दयानिता सिंग यांनी तर पुस्तक हीच आपली कला ठरवली. शिकत असतानाच त्यांनी झाकिर हुसेन यांच्यामागे कॅमेरा घेऊन फिरून १९८६ मध्ये पहिलं पुस्तक केलं. पुढे त्यांनी उलगडून उभ्या करता येतील अशा घडीच्या छोट्या वह्या केल्या आणि कोलकात्यात एका दागिन्यांच्या दुकानाच्या शोकेसमध्ये त्या मांडल्या. त्यानंतर घडी घालता येणारी लाकडी ‘संग्रहालयं’ केली. त्यांच्यातले फोटो हवे तेव्हा अदलाबदल करता येतात. त्यांना २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. पुस्तकं महाग असतात ही खरी अडचण आहे, पण मोठ्या शहरांतल्या कला महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत विचारून बघायला हरकत नाही.

प्रत्यक्ष बघायचं तर मुंबईत एनसीपीएमधली पिरामल गॅलरी खास फोटोंसाठी आहे. गोव्यात पणजीला डिसेंबरात सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल भरतो, तिथे फोटोंची प्रदर्शनं असतात. बंगळुरूचं मॅप हे कला आणि फोटोग्राफीचं संग्रहालय २०२३ मध्ये खुलं झालं आणि त्याच्या संग्रहातलं पुष्कळ काही घरबसल्याही बघता येतं. मराठीत वाचायचं असेल तर ‘पारी’वर ग्रामीण भारतातल्या फोटोकथा मराठी मजकुरासह आहेत.

आणि बघण्यापेक्षा करून बघायचं असेल तर मोरेलची युक्ती फुकट आहे. कडक उन्हाचा दिवस निवडा, पावसाळ्यात जमणार नाही. रस्त्याकडच्या खिडकीला काळं प्लास्टिक किंवा जाड पुठ्ठा लावा, फटी चिकटपट्टीने बंद करा आणि मधे एक सेंटिमीटरचं भोक पाडा. खोलीतले दिवे घालवा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत पाच-दहा मिनिटं बसा. समोरची भिंत पांढरी असेल तर उत्तम, नसेल तर चादर टांगा. आधी काहीच दिसणार नाही. मग समोरची इमारत रंगांसकट, उलटी, हळूहळू भिंतीवर येईल, आणि खालून एखादी रिक्षा गेली तर ती छताजवळून जाताना दिसेल.